हिरामणचं रक्त

हृदयाच्या ऑपरेशननंतर सुकलालच्या लघवीच्या पिशवीत लालभडक उतरलं आणि त्याच्या बायकोने, रत्नाने, डॉक्टरांना गाठलं. हा माणूस धाकट्या भावाच्या हातचं पाणीही पीत नव्हता, आणि तिने त्याच्या नकळत त्याच भावाला, हिरामणला, रक्त द्यायला बोलावलं होतं. “नाहीच मानवलं त्यांना भावाचं रक्त!” ती म्हणाली.

“तसं काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “बायपासच्या यंत्रातून फिरताना यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या. त्यांच्यातला रंग मोकळा झाला, तोच लघवीत उतरला. त्याने रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणून पाय गार पडले होते. औषध दिलंय, आता गरम होताहेत. तुमच्या दिराचं रक्त तर रक्तपेढीत जमा झालं. यांना चढवलं ते दुसऱ्याच कुणाचं.”

रत्ना धावत बाहेर आली. उधन्याच्या मिलमधली पाळी सोडून आलेला हिरामण जिन्यापाशी नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

“वहिनी, खरं सांगा, माझं रक्त बाधलं ना दादाला? मी आपला लिंबायतला घरी परत जातो. तोंड नाही दाखवत त्याला.”

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

“बाधतंय कसलं! तुमच्या रक्तानेच त्यांचे पाय गरम झालेत, भाऊजी. चला आत.”