न्यू हॅम्पशायरचे बेचाळीस टक्के

रेडिओवर ‘बेचाळीस टक्के’ ऐकलं आणि चिंतामणी कानडे खुर्चीतून उठून उभेच राहिले.

“ऐकलंस? बेचाळीस! मी चाळीस म्हटलं होतं.”

अनसूयाबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. “म्हणजे आपल्या रत्नाकरला लढाईवर नाही ना जावं लागत?”

“नाही जावं लागत. लढाईच राहत नाही आता.”

रत्नाकर त्यांचा एकुलता एक मुलगा. पाच वर्षांपूर्वी कांचघर मोहल्ल्यातल्या या घरातून तो अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. कायम राहण्याचा परवाना मिळाला, तसा तिथला सक्तीच्या लष्करभरतीचा कायदाही त्याला लागू झाला. फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं. एक एप्रिलला हजर व्हायची नोटीस होती, पुढे व्हिएतनाम. ‘कोणी म्हणतं देश सोड, कोणी म्हणतं जा. अण्णा, तुम्ही सांगाल तसं करीन.’

“त्याला घरी बोलावून घ्या,” अनसूयाबाई पत्र ऐकताक्षणीच म्हणाल्या होत्या.

“असा पळून आला तर तिथलं दार कायमचं बंद होईल. पाच वर्षं फुकट. थांब जरा, मी पाहून राहिलो ना.”

ते खरंच पाहत होते. चिंतामणी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. हजार तोफगोळ्यांची खेप आली की त्यातले वीस काढायचे, उघडून बघायचे आणि त्या विसांवरून अख्खी खेप पास करायची की परत पाठवायची ते ठरवायचं. पासष्टच्या लढाईत त्यांनी दिवसाला बारा-बारा तास हेच केलं होतं. एकवीस वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

आता त्यांच्यापुढे न्यू हॅम्पशायर होतं. बर्फातलं एक एवढंसं राज्य. पण अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, यावर पहिलं मत तिथंच पडायचं. एका बाजूला लढाई चालवणारे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच पक्षातला, लढाई थांबवा म्हणणारा एक सेनेटर. पेपरवाले त्या सेनेटरला पंधरा-वीस टक्क्यांच्या वर देत नव्हते. चिंतामणींनी महिनाभर वाचनालयातली जुनी अमेरिकन साप्ताहिकं चाळली, रेडिओला कान लावला आणि जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं, चाळीस.

त्यांच्या विभागातले वयस्कर बापूसाहेब हसले. “चिंतामणराव, तोफगोळा तुम्हाला फसवत नाही. माणूस बोलतो एक अन् मत देतो दुसरं. अन् समजा चाळीस मिळाले, तरी जिंकणार कोण? अध्यक्षच ना?”

“जिंकू द्या. घरच्याच पक्षातली एवढी माणसं फुटल्यावर तो पुन्हा उभाच राहत नाही. अन् तो गेला की लढाई गेली. दिवाळीच्या आत.”

बेचाळीसचा आकडा आला त्या सकाळी चिंतामणी कारखान्यात जाण्याआधी सायकल काढून तारघराकडे निघाले. अनसूयाबाई फाटकापर्यंत मागे आल्या.

“अहो, अजून एक डाव विचार करा. इथं साधी नोकरी करेल, पण डोळ्यांपुढे राहील.”

“मी काय अंदाजपंचे सांगून राहिलो का?” चिंतामणी म्हणाले आणि सायकलवर बसले. तारेत चारच शब्द होते. ‘हजर हो. लढाई संपतेय.’

एक एप्रिलच्या सकाळी रेडिओवर बातमी आली. अध्यक्ष पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नव्हते. कारखान्यात बापूसाहेबांनी स्वतः खव्याची जलेबी आणली आणि सगळ्यांसमोर चिंतामणींच्या तोंडात घातली. “मान गये, भैया! हजारो मैल दूर बसून बरोबर सांगितलंत.”

त्याच दिवशी रत्नाकर भरतीला हजर झाला.

मे महिन्यात वाटाघाटी सुरू झाल्या. लढाई चालूच राहिली. ऑगस्टमध्ये रत्नाकरचं व्हिएतनामहून पत्र आलं. त्यात पाऊस, चिखल आणि ‘आईला सांगा, मी बरा आहे’ एवढंच होतं. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीची तार आली. ती चिंतामणींनी वाचली. अनसूयाबाईंना सांगावं लागलं नाही.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा कामावर गेले. खेपेतले वीस गोळे तपासून झाले की ते आणखी वीस मागायचे. मग आणखी वीस. खेपा तुंबू लागल्या. साहेबांनी दोनदा समजावलं. शेवटी खेप पास केल्याचा शिक्का मारायचं काम काढून बापूसाहेबांकडे दिलं.

डिसेंबरात एक जाड पाकीट आलं. अमेरिकेत रत्नाकरच्याच खोलीत राहणाऱ्या, मूळ नागपूरच्या चंद्रशेखरचं. पत्र मराठीत होतं आणि पाकिटावर नाव अनसूयाबाईंचं होतं. त्यांनी ते एकटीनं वाचलं. संध्याकाळी चिंतामणी कारखान्यातून आले तेव्हा त्या पाकीट मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

“काय लिहितो पोरगा?” चिंतामणींनी विचारलं.

अनसूयाबाईंनी पत्र पुढे केलं नाही.

“रत्नाकरनं आपल्या उत्तराची वाट पाहिलीच नव्हती,” त्या म्हणाल्या. “न कळवता रंगपंचमीला घरी येणार होता. तुमची तार हातात पडली, तेव्हा विमानतळाची टॅक्सी दारात उभी होती.”