मृत्यूचं कारण

“एकशे सात,” डॉ. विष्णू केतकर म्हणाले. “आणलंत तेव्हा एवढा ताप होता. मी स्वतः मोजला.”

पद्मजाने मान हलवली. सवयीने तिचा हात पर्समधल्या वहीकडे गेला आणि तिथेच राहिला.

गेले दोन उन्हाळे ती नोएडातल्या या हॉस्पिटलात येत होती. नोएडातच राहून पुण्याच्या एका दैनिकात ती विज्ञानाचं सदर लिहायची. इथे उन्हाने माणसं मरतात, पण कागदावर मरत नाहीत, हा तिचा विषय. मृत्यूच्या दाखल्यावर कारण ठरलेलं असायचं : हृदयक्रिया बंद पडली. त्यावरून केतकरांशी तिची भांडणं व्हायची.

“उष्माघात लिहा ना! आकडाच नसेल तर सरकार हातपाय हलवेल कशाला?”

“मॅडम, पुरावा दाखवा. येईपर्यंत शरीर थंड झालेलं असतं.”

आज पुरावा होता. पलीकडच्या खोलीत, पांढऱ्या चादरीखाली, तिचे वडील होते.

अण्णासाहेब ब्याऐंशी वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त झालेले. अलीकडे विसरायला लागले होते. दोनदा एकटेच मेट्रो स्टेशनपर्यंत गेले आणि घराचा सेक्टर काही केल्या आठवेना.

आज सकाळी ती गाझियाबादला गेली होती, वीटभट्टीवरच्या मजुरांशी उन्हाबद्दल बोलायला. इकडे दहा वाजता वीज गेली ती चारला आली. पाचला ती परतली, तेव्हा ते पलंगाशेजारी पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं. श्वास होता. हॉस्पिटलात आणल्यावर तासाभरात तोही थांबला.

तिला रडू येत नव्हतं. समोरच्या चहावर साय धरली होती. ती सायीकडे बघत बसली. भावाला फोन करायला हवा, असं वाटलं, आणि मग तेही वाटेनासं झालं.

“तुमचंच बरोबर होतं,” केतकर हळू आवाजात म्हणाले. “इतके दिवस मी टाळत आलो. वरून फोन येतात, काय सांगू? पण आज लिहितो. उष्माघात. बिल्कुल स्पष्ट. तुम्ही खुशाल छापा, नावानिशी. काय व्हायचं ते मी बघून घेईन.”

त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“नको,” पद्मजा म्हणाली.

“काय नको?”

“हृदयक्रिया बंद पडली, असं लिहा. नेहमीसारखं.”

केतकरांनी पेन खाली ठेवलं. “अहो, यासाठी तर तुम्ही दोन वर्षं माझ्याशी भांडलात!”

“हो.”

“मग?”

“उष्माघात लिहिलंत तर पोलीस घरी येतील,” ती म्हणाली. “आणि विचारतील, आत माणूस असताना दाराला बाहेरून कुलूप कोणी घातलं.”