उजवा स्पीकर

नौबादच्या तिप्पण्णांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मंजुश्रीला घरी बोलावलं. उजव्या स्पीकरमधून आवाज येत नव्हता. तिनं वायरी तपासल्या. मग कॉम्प्युटरच्या सगळ्या सेटिंग जिथं साठवलेल्या असतात, ती रजिस्ट्री उघडली.

"अप्पा, स्पीकर चांगलाय. कुणीतरी हितं उजवा आवाज शून्य करून ठेवलाय."

"मीच करून घेतलो होतो."

"कामून?"

"त्या बाजूला तुझी काकू झोपायची. सकाळी भक्तीची वचनं लावलो की तिची झोप मोडायची. आता घरात कोण हाय? कर चालू."

मंजुश्रीनं शून्य काढून शंभर टाकलं. दोन्ही स्पीकरमधून वचन खोलीभर घुमलं.



रिकाम्या खाटेकडं बघत तिप्पण्णांनी घाईघाईनं आवाज बारीक केला.