कोरड्या विहिरीतला आवाज

क्रांती चौकामागच्या आमच्या सोसायटीची विहीर दुष्काळात आटली. माझा मुलगा ऋतुराज कमरेला दोर बांधून गाळ काढायला उतरला. काठावरच्या पाणीमापकावर मात्र आकडे चढत होते. दहा फूट. बारा फूट.

“आप्पा, जुने आकडे मेमरीत साठून मागाहून बाहेर पडतात,” सून श्रेया म्हणाली. तिनं मेमरी रिकामी केली, सेन्सरची वायरही उपटली.

उतारवयात शिकलेल्या आकड्यांवर बोट ठेवून मी वाचलं. अठरा फूट.

मी वाकून ओरडलो, “ऋतुराज, पाणी हाय का रं?”

“नाय आप्पा, कोरडी ठणठणीत हाय!”

तरी आम्ही दोर ओढला. कमरेची गाठ तशीच होती, दोर निथळत होता. ऋतुराज नव्हता.

आम्ही काही विचारलं नव्हतं. खालून तो हसून म्हणाला, “नाय आप्पा, कोरडी ठणठणीत हाय!”