मशीनची निगा

कापडी कव्हर उचललं आणि मशीनवाला बघतच राहिला. रोजच्या वापरातलं मशीन इतकं लख्ख त्याने आजवर पाहिलं नव्हतं. नळीवर डाग नाही, मास्कचं रबर धुऊन पुसलेलं, पाण्याची डबी कोरडी ठणठणीत. मागच्या जाळीवर त्याने बोट फिरवलं. धूळ औषधालाही नव्हती.

"काकू, हे तर माझ्या दुकानातल्या मशीनपेक्षा नवं दिसतंय!"

बाई हरखल्या. "हो मग! घरात कुणाला हात लावू देत नाही मी."

पलंगाच्या कडेवर त्यांचा नवरा बसला होता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर. मागच्या महिन्यात भर सकाळी स्टिअरिंगवर त्याला डुलकी लागली आणि बस दुभाजकावर चढली. आत पोरं होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब बलवत्तर, दुसरं काय! पण बसच्या कंपनीने किल्ली काढून घेतली ती घेतलीच. झोपेत श्वास अडकतो म्हणून दिलेलं मशीन घरात वर्षभर आहे, तरी माणूस दिवसा पेंगतो कसा? दोष मशीनचा की माणसाचा, तेवढं कळवा, असं कंपनीच्या डॉक्टरांनी मशीनवाल्याला बजावून पाठवलं होतं. दोष माणसाचा निघाला तर बस कायमची सुटणार होती.

मशीनवाल्याने बटण दाबलं, नळीच्या तोंडाशी मीटर लावलं, हवेचा जोर मोजला. मग मान हलवली.

"मशीन एकदम ठणठणीत आहे, काका."

ड्रायव्हरचं तोंड उतरलं. मशीन चांगलं आहे हे ऐकून रडवेलं झालेलं असं गिऱ्हाईक मशीनवाल्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

"मग मीच बिघडलोय म्हणायचं," ड्रायव्हर म्हणाला. "रात्रभर झोपतो हो मी. तरी उठलो की डोकं दगडासारखं जड."

बाईंना ते ऐकवेना. आपल्याकडून कसर राहिलेली नाही हे तरी पाहुण्याला कळायला हवं. त्या पुढे झाल्या आणि सगळं करून दाखवू लागल्या. आधी बटण दाबून हवा थांबवायची. मग मास्क, पण अलगद, डोकं हलू द्यायचं नाही. डबीतलं पाणी ओतायचं, नाहीतर मशीन तिरकं झालं की पाणी आत जातं. मग प्लगच काढून ठेवायचा. वर कव्हर.

"वा! एवढं कुणी करत नाही," मशीनवाला मनापासून म्हणाला. "आणि हे सगळं सकाळी उठल्या उठल्या?"

"सकाळी कशाला? यांचा डोळा लागला की."

मशीनवाल्याचा हात मीटरवरच राहिला. ड्रायव्हरने मान वर केली.

आपण काही चुकीचं बोललो की काय, ते बाईंना कळेना. त्या घाईघाईने सांगू लागल्या. "पहिलं मशीन आलं ना, त्याची नवलाईसुद्धा संपली नव्हती. रात्री वीज गेली ती आली अशी जोरात, की जळालंच. चालू ठेवलं म्हणून जळालं. दुसरं मिळेपर्यंत महिने गेले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, दादा. मी म्हटलं, यांना झोप लागावी म्हणूनच आहे ना ते? लागली झोप, झालं काम! उतारू उतरल्यावर इंजिन कुणी चालू ठेवतं का? उभ्या गाडीचं इंजिन बंद करावं, हे यांनीच तर मला शिकवलंय."

त्या नवऱ्याकडे बघून हसल्या. तो हसला नाही.

"पण काकू, मग हे घोरत असतील ना? श्वास अडकल्यावर आवाज येत असेल. ऐकू नाही आलं कधी?"

बाईंनी कानामागच्या यंत्राला हात लावला. "छापखान्यात कान गेले माझे. हे काढलं की ढग गडगडले तरी कळत नाही. यांचं बंद करते, माझं बंद करते, आणि निवांत झोपते."

मशीनवाला खुर्चीवर बसला. "काकू, हे झोप आणायला नाही हो. झोप लागली की यांचा श्वास बंद पडतो. तेव्हा हवा आत ढकलायला आहे हे. यांचा डोळा लागला की याचं काम सुरू होतं."

बाई खाली बसल्या, तिथेच, फरशीवर.

"मला वाटायचं, पहाटे तू आधी उठतेस, तेव्हा काढतेस," ड्रायव्हर म्हणाला. "अगं, बसमध्ये पोरं होती."

तेवढ्यात मशीनवाल्याचा फोन वाजला. डॉक्टरच होते. त्यांना दुपारच्या आत उत्तर हवं होतं. त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि मशीन ठीक असल्याचं सांगितलं.

"म्हणजे पेशंट रात्री मास्क काढून टाकतो," डॉक्टर म्हणाले. "विचारा त्यालाच."

मशीनवाल्याने बाईंकडे पाहिलं. त्याने तोंड उघडायच्या आत ड्रायव्हर फोनजवळ सरकला. "हो साहेब. मीच काढतो. गुदमरायला होतं."

"मग बसचं नाव काढू नका यापुढे."

"बरं साहेब."

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. बाई भिंतीला धरून उठल्या. नवऱ्याने हातानेच नको, नको केलं. त्यांनी तो हात बाजूला सारला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"डॉक्टर, मी यांची बायको. यांनी काही काढलेलं नाही. हे झोपले की मशीन मी बंद करते."

"रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," बाई म्हणाल्या. "एक दिवस चुकवला नाही."