सातवा उतारू

पहिल्या मजल्याच्या वळणावर मालन मटकन खाली बसली.

“माका नको असली गोष्ट,” ती म्हणाली. “खाडीत मढी काय, अंधारात हात काय. पाय आधीच लटपटतात, त्यात तुमचं हे. चला खाली.”

काशीरामने तिला खाली आणून नीलमच्या घरी सोडलं. नीलम मालनची धाकटी बहीण. मुलुंडच्या या बिनलिफ्टच्या इमारतीत ती तळमजल्यावर राही आणि काशीराम-मालन चौथ्यावर. मालनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून नवरा-बायकोचा मुक्काम नीलमच्या बाहेरच्या खोलीत होता. हाड जुळलं होतं. आता जिने चढा, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर बजावत होते. पण मालनची भीती काही जाईना. शेवटी मुलीने, श्रुतिकाने, फोनवर सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत आई वर गेली नाही तर ते घर विकू आणि बदलापूरला लिफ्टवाली जागा बघू.”

बदलापूरचं नाव निघालं की काशीराम उठून बाहेर जाई. त्या चौथ्या मजल्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता.

म्हणून त्याने ही युक्ती काढली. चढताना तो गोष्ट सांगणार, आणि पुढचा तुकडा पुढच्या वळणावर. एकेकाळी त्याने कामगार रंगभूमीसाठी रहस्याच्या एकांकिका लिहिल्या होत्या. तो लिही आणि त्याचा मित्र कुंडलिक त्या बसवी. कुंडलिक गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून काशीरामने पेन तर सोडलंच, तोंडही कामापुरतंच उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नुसते विनोद सांगितले. मालन खो खो हसली, पायरीवर ऐसपैस बसली आणि माहेरच्या गोष्टी सांगू लागली. वर जायचं नावच नाही. इतकी नाटकं लिहून जे कळलं नव्हतं ते जिन्याने त्याला शिकवलं. नुसतं घाबरवलं की माणूस माघारी फिरतो, नुसतं हसवलं की जागच्या जागी बसतो.

मग त्याने गोराईच्या खाडीतल्या बोटीची गोष्ट काढली.

“शेवटची फेरी. धक्क्यावर बोटीत सहा उतारू चढले,” पहिल्या वळणावर तो म्हणाला. “पलीकडे उतरले सात.”

मालनने कठडा घट्ट धरला. “सातवा कोण?”

“ते वरच्या वळणावर.”

ती चढू लागली. मधल्या उंच पायऱ्या आल्या तसा त्याने तिकीटवाला आणला. सहाही उतारू भीतीने गारठलेले, आणि हा गडी हुज्जत घालतोय. “भूत असेल तर असू दे, पण फुकट कसा आला?” मालनला हसू आलं, आणि हसता हसता पाय उचलायला घाबरायचं ती विसरून गेली. वळणावर भीती, पायऱ्यांवर हसू. हे गणित काशीरामला झकास जमलं.

त्याला आता दुसरं काही सुचेना. मासळीवालीला तो विचारी, “तू असतीस तर त्याच्याकडे तिकीट मागितलं असतंस काय?” वॉचमनला तो तिकीटवाल्याचा आवाज काढून दाखवी. दुपारी आडवा होऊन उद्याचा तुकडा जुळवी आणि जुळवता जुळवता घोरू लागे. मालनचं त्याला फार कौतुक वाटे. दात-ओठ खाऊन एकेक पायरी चढणारी ही बाई रंगमंचावरच्या कुठल्याही नायिकेपेक्षा धीराची होती.

तिसऱ्या मजल्यावर मात्र गाडं अडलं. “आज पुरे,” ती रोज म्हणे. “उद्यासाठी काहीतरी ठेवा.” गोष्ट संपत आली होती, पण तिचा पाय तयार नव्हता. मग काशीरामने त्या सहांतच एक नवरा-नवरी दाखवली, एक संशयी मास्तर आणला, खाडीत बोट बंद पाडली. तिला थोडा आणखी वेळ मिळावा म्हणून त्याने डोकं झिजवलं, आणि गंमत म्हणजे गोष्ट त्यामुळे आणखीच रंगली.

“कुंडलिकभावजी असते तर म्हणाले असते, ही बसवायला पाहिजे,” एकदा मालन म्हणाली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती तिसऱ्या मजल्यावर थांबली नाही. चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या दारात, त्याने गोष्टीतल्या सातव्याने तोंडावर ओढलेलं गोणपाट काढलं. तो निघाला तिकीटवाल्याचाच सासरा. बुडाला म्हणून अख्खा गाव रडत होता, आणि हा बायकोवर रुसून बोटीच्या फळीखाली झोपला होता.

“तिकीटवाल्याने त्याला मिठी मारली, ढसाढसा रडला, आणि रडता रडता तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं.”

मालनही तशीच हसत आणि डोळे पुसत घरात शिरली. इतके महिने बंद असलेलं घर, पण धुळीचा कण नव्हता. काशीरामला नीलमबद्दल कृतज्ञता वाटली. श्रुतिकाला फोन लावून “बदलापूर विसर” असं ठणकावल्यावर तो तसाच खाली गेला.

“नीलम, घर आरशासारखं ठेवलंस. रोज चार मजले चढत होतीस, बोलली पण नाहीस.”

नीलम पीठ मळत होती. “मी कशाला चढत्येय, भावोजी? माझे गुडघे बघितलेत ना?”

“मग झाडलं कोणी?”

“ताईने. तुम्ही दुपारी घोरायला लागलात की एकटी वर जाते, झाडून-पुसून खाली येते. महिना झाला. मला शपथ घातली होती, गोष्ट संपेपर्यंत बोलायचं नाही. म्हणाली, दोन वर्षांनी माणूस बोलायला लागलाय, मी चढले की परत गप्प होईल.”