मागची सीट

एल्विराबाई पुढच्या सीटवर बसायला काही केल्या तयार होईनात.

“तुमच्या शेजारी बसले, तर कोपऱ्यावर वळायच्या आत गाव आपलं लग्न लावून मोकळं होईल,” त्या विल्बेर्तला म्हणाल्या आणि निळा शेला सावरत मागं जाऊन बसल्या.

गोल्फ कार्टची मागची सीट उलट्या तोंडाची असते. त्यामुळं विल्बेर्तच्या वाट्याला आली बाईंची पाठ, आणि त्यांचं तोंड झालं थेट कासिमिरोकडे. तो चर्चसमोर आपली तीनचाकी सायकल लावून बर्फाचे गोळे विकत होता आणि सकाळपासून जळफळत होता.

जळफळायला कारणही तसंच होतं. काल डॉमिनो खेळताना विल्बेर्तनं सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, “उद्या बाईंना दक्षिण टोकाला नेतो. वर कड्यावर पोचलो की सरळ विचारतो, माझ्याशी लग्न करता का?” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कासिमिरोनंही पिटल्या. बाईंचा नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि कासिमिरो रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी चिंचेचा गोळा घेऊन जात होता. द्यायचा, “बरंय मग” म्हणायचं, परत फिरायचं. त्यापुढं त्याची जीभ कधी रेटलीच नाही.

कार्ट सुरू झाली. कासिमिरोनं एका गिऱ्हाइकाचा गोळा अर्धवट सोडला आणि पायडलवर पाय ठेवला. रस्ता काही कोणाच्या बापाचा नाही, असं त्यानं स्वतःलाच बजावलं.

काय तो विल्बेर्तचा थाट! केस काळेभोर रंगवलेले, पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री, कार्टच्या छताला झालर. बेटावरचा कुठला शहाणा माणूस गोल्फ कार्ट घेतो? ती पाहुण्यांनी घ्यायची. गाडी भाड्याची आणि तोरा मात्र मालकाचा. कासिमिरोला त्या झालरीचासुद्धा राग आला.

“डावीकडं बघा, एल्विराबाई! समुद्र!” विल्बेर्त ओरडला. सगळा जन्म या बेटावर काढलेल्या बाईला तो समुद्र दाखवत होता. त्यात बाई उलट्या बसलेल्या. त्यांनी त्यांच्या डावीकडं पाहिलं, तिकडं एक कोंबडी होती.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

घरं विरळ झाली. ऊन डोक्यावर आलं. कासिमिरोच्या पाठीवर सदरा चिकटला होता, तरी कार्टपासूनचं अंतर त्यानं वाढू दिलं नाही.

“काय रे, तू का येतोयस मागनं?” एल्विराबाईंनी विचारलं.

“गोळे विकायला.”

“इकडं कोणाला? कासवांना?”

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. ते आपल्यावरचं आहे की विल्बेर्तबरोबर फिरण्याच्या आनंदाचं, हे कासिमिरोला कळेना. विल्बेर्तला अहो-जाहो आणि आपल्याला शाळेपासून अरे-तुरे, हेही त्याला आजच खुपलं.

“कोणाशी बोलताय, बाई?” पुढून आवाज आला.

“माशी आहे एक. केव्हाची मागं लागलीय.”

कासिमिरोचा चेहरा पडला. तरी पाय थांबले नाहीत.

मग चढ आला. बेटावर तेवढा एकच खरा चढ, आणि तो संपला की कडा. चढाच्या पायथ्याशी गतिरोधक होता. विल्बेर्तनं कार्ट जवळजवळ थांबवली, हळूच पलीकडं नेली आणि तिथं उभी करून केसांवरनं कंगवा फिरवला. कासिमिरोही कसाबसा पलीकडं आला आणि तिथंच त्याचा दम संपला. त्यानं सायकलच्या पुढच्या पेटीचं झाकण उघडलं, बर्फाची लादी उचलली आणि रस्त्याकडेला टाकून दिली. दिवसभराचा धंदा उन्हात चमकत पडला. पुन्हा पायडल मारून पाहिलं. सायकल हातभर सरकली आणि थांबली.

संपलं, त्याला वाटलं. वर तो विचारणार, ही हो म्हणणार, आणि आपण इथं खाली बर्फ वितळताना बघत बसणार. संध्याकाळी गोळा कोणाकडं न्यायचा? लग्न झालेल्या बाईच्या दाराशी कोण उभं राहतं?

त्यानं मान वर केली. एल्विराबाई त्याच्याकडंच बघत होत्या. हसत नव्हत्या. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला, एक टोक सीटच्या लोखंडी दांडीला करकचून बांधलं, आणि दुसरं त्याच्या अंगावर फेकलं.

कासिमिरोनं घाईघाईनं ते टोक पेटीच्या कडीत ओवून गाठ मारली. शेला ताणला गेला. तीनचाकी हलली.

कार्ट घरघरत चढू लागली. विल्बेर्तनं पाय पार खाली दाबला होता, तरी ती मुंगीच्या पावलानं जात होती.

“काय भंगार गाडी दिलीय बघा!” तो करवादला. “बसलोय दोघंच, आणि वऱ्हाड कोंबल्यासारखी कण्हतेय!”

“गाडीला नावं ठेवू नका, विल्बेर्त,” एल्विराबाई म्हणाल्या. “माझंच वजन वाढलंय.”

मग त्या पुढं वाकल्या, कासिमिरोच्या डोळ्यांत पाहिलं आणि इंजिनाच्या आवाजाखाली हळूच म्हणाल्या, “चढ संपेपर्यंत काय विचारायचंय ते ठरव. मी दुसऱ्यांदा शेला टाकायची नाही.”